पेरूची नोट आणि घरची कांजी

"दक्षिण अमेरिकेच्या जुन्या नोटा" असं म्हटलं की लोकांचं तोंड कसं होतं ते मी हुबेहूब करून दाखवू शकतो. आधी भुवया वर जातात. मग मान पुढे येते. मग आवाज खाली जातो आणि विचारतात, "मग? कितीला गेली?"

कितीलाच नाही गेली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत आशेवर बसायला नको. ह्यात घबाड नाही, समुद्रातले लुटारू नाहीत, सूट घालून आलेला कोणी खरेदीदार नाही. पेरू नावावरून तुमच्या डोक्यात आत्ता जो जोक आला, तो मी आठवीत असतानाच मारून झालाय, आणि तेव्हाही कोणी हसलं नव्हतं. ह्यात एक नोट आहे, थोडी मावा जलेबी आहे आणि बाकी सगळा माझा उद्योग आहे.

मला ओळखणारे म्हणतील, ह्याने लिहिलंय म्हणजे हसून पोट दुखणार. तुमचं दुखलं तर कळवा. माझं तर लिहायला बसल्यापासून दुखतंय, आणि ते हसून नाही.

मी बुऱ्हाणपूरचा. बुधवारा मोहल्ल्यात घर. पप्पा सायझिंगला आहेत, म्हणजे सूत लूमवर चढायच्या आधी त्याला कांजी पाजतात, ते काम. कांजी नसेल तर सूत लूमवर तटातट तुटतं. म्हणून आमच्या घरात देवाच्या खालोखाल कांजीवर भरवसा. मम्मीच्या साड्या, पप्पांचे शर्ट, टीव्हीवर टाकलेला रुमाल, सगळं कडक. शाळेत असताना माझ्या शर्टाला एवढी कांजी असायची की मी बाकावर बसलो तरी शर्ट उभाच असायचा.

आणि मी नकला करतो. कॉलेज चालू आहे, पण ते पप्पांच्या समाधानासाठी. लग्नात, गणपतीत, कोणाच्या बर्थडेला माईक हातात आला की मी सुरू. शाळेत एकदा भिंतीआडून हेडसरांच्या आवाजात "आज अर्धी छुट्टी" म्हटलं होतं, आणि दोन वर्ग दप्तर घेऊन खरंच घरी निघून गेले होते. पण सगळ्यात जास्त डिमांड होती ती एका घरच्याच माणसाच्या नकलेला. फुवांच्या.

फुवा म्हणजे माझ्या आत्याचे मिस्टर. मूळचे जळगावकडचे, सगळी नोकरी कागदाच्या मिलमध्ये. रिटायर झाले तसं मिलची कॉलनी सोडली आणि तापीच्या पलीकडे जैनाबादला घर घेतलं. मिलमध्ये त्यांचं काम तयार कागद तपासायचं. त्याला मशिनी होत्याच, पण जुने लोक आधी कागदाचा तुकडा कानाजवळ धरायचे आणि हलवून ऐकायचे. फुवा म्हणायचे, कागद बोलतो. ओल राहिली असेल तर सर्दी झाल्यासारखा बोलतो, जास्त सुकला असेल तर भांडखोर बाईसारखा. ही सवय त्यांच्या हाताला अशी चिकटली की रिटायर झाल्यावरही सुटली नाही. घरात लग्नपत्रिका आली की आधी कानाला, मग वाचायची. आत्या ओरडायची, "अहो, फोन आलाय का त्यात? उघडा की."

कान त्यांचा फक्त कागदापुरता नव्हता. नारळ, टरबूज, माठ, सगळं वाजवून घ्यायचे. बाजारात दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून म्हणायचा, "काकाजी, जरा इनका भी बजा दो."

नोटांचं वेड मिलमधूनच लागलं. गाळून नवा कागद करायला तिथे परदेशातली रद्दी गाठी बांधून यायची. एका गाठीत, कुठल्यातरी मासिकाच्या पानांत एक नोट दबलेली निघाली. हिरवी, मऊ, मधोमध ढाल घेऊन बसलेली एक बाई. साहेबांना दाखवली तर ते म्हणाले, "रद्दी में आई है तो रद्दी है. रख लो." फुवांनी ठेवली. मग ही बाई कुठली, हे शोधायच्या नादात ते जे लागले ते लागलेच. ती पेरूची निघाली. तिच्या मागून ब्राझील आला, बोलिव्हिया आला, अर्जेंटिना आला. पोस्टाने मागवून, कोणाशी अदलाबदल करून, आणि आताशा मोबाईलवर फोटो पाहून.

फुवांना स्पॅनिश येत नाही, पण नोटेपुरतं येतं. बँकेचं नाव वाचून देश ओळखायचा, मग सह्या कोणत्या ते बघायचं, मग तारीख, मग नोट उजेडासमोर धरून आतली खूण शोधायची. मला शिकवायचे. "हे ब्राझील बघ. तिथे महागाई एवढी वाढली की सरकारने जुन्याच नोटेवर नव्या पैशाचा शिक्का मारला. आपल्याकडे पत्रिका छापून झाल्यावर मुहूर्त बदलला की शिक्का मारतात ना, तसं." चुकायचेही भरपूर. उरुग्वेची एक नोट वर्षभर पॅराग्वे म्हणून सांभाळली होती. चूक कळली तेव्हा नोटेची माफी मागितली. खरंच मागितली, मी तिथेच होतो.

त्यांचा नियम मात्र पक्का. बोट वर करून, नाकातून सांगायचे, "जुनी नोट धुवायची नाय. तिला इस्त्री नाय, टेप नाय, गोंद नाय. मळ तिचा आहे, आपला नाय." माझ्या नकलेत ह्या वाक्यावर हमखास टाळी पडायची.

आणि नकलेचा शेवट असायचा नोटांच्या आवाजांनी. मी तोंडाने एकेका नोटेचा आवाज काढायचो. पेरूवाल्या नोटेचा सगळ्यात अवघड. फुवांनी ती माझ्या कानाशी धरून म्हटलं होतं, "ऐक. केळीचं वाळलेलं पान. दुपारचं, हवा नसताना, नुसतं खालून उंदीर गेला तर होईल तेवढं." त्या आवाजासाठी मी खूप खपलो. जीभ दातांच्या मागे नेऊन, ओठ जवळजवळ बंद, हवा हळू सोडायची. एक दिवस जमला. फुवा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "हां. हीच." एवढंच. पण त्यांच्या तोंडून "हीच" निघणं म्हणजे मला बक्षीस मिळाल्यासारखं होतं.

ह्या हिवाळ्यात बुऱ्हाणपुरात नाणी-नोटांचं एक छोटं प्रदर्शन लागणार होतं, धर्मशाळेच्या हॉलमध्ये. खंडव्याचे, इंदूरचे संग्रहवाले येणार होते. फुवांना एक टेबल मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा. आत्तापर्यंत त्यांचा संग्रह पाहिला होता तो आत्याने, मी आणि गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याने. फुवांनी नवा सफारी शिवायला टाकला. आणि नोटांचा अल्बम माझ्याकडे दिला. नवीन प्लॅस्टिकच्या खिशांत नोटा सरकवायच्या आणि कॉम्प्युटरवर हिंदी-मराठीत चिठ्ठ्या काढायच्या. म्हणाले, "माझा हात हलतो आता. तू कर. तुझ्याकडे दिलं म्हणजे मला काळजी नाय."

दोन मित्र आले होते घरी, मावा जलेबी घेऊन. अल्बम पाहिला आणि म्हणाले, "अबे, फुवाजी कर ना."

एरवी ती नक्कल मी लाईट बिलावर करायचो. त्या दिवशी खरी नोट समोर होती. ॲक्टिंगमध्ये खरं सामान मिळालं की अंगात येतं. मी पेरूची बाई अल्बमच्या खिशातून काढली, कानाला लावली, बोट वर केलं, नाकातून म्हटलं, "धुवायची नाय, इस्त्री नाय..." मित्र लोळत होते. मग त्यातला एक लोळता लोळता थांबला. "अबे. दाग."

माझ्या बोटांना जलेबीचा पाक होता. बाईच्या ढालीवर काळपट चिकट अंगठा उमटला होता. माझाच. मी तो चाटून काढायच्या बेतात होतो इतकी अक्कल गेली होती. मित्रांना अचानक घरची कामं आठवली.

आता इथे दुसऱ्या घरातला पोरगा असता तर काय केलं असतं? घाबरून नोट तशीच ठेवली असती. नाहीतर फुवांना फोन केला असता. मी सायझिंगवाल्याचा पोरगा. आमच्याकडे डाग पडला तर धुवायचं आणि ढिलं पडलं तर कांजी. डोक्याला विचारायच्या आधी हात बाथरूममध्ये गेले होते. ताटात पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर, दाढीचा ब्रश. पाक गेला. त्याच्यासोबत बाकीचा मळ पण गेला. पण नोट अशी लुळी पडली की उचलली तर दोन्हीकडून लोंबायची, तापातून उठल्यासारखी. मम्मीची कांजी भांड्यात तयारच होती. पातळ करून बोटाने लावली, वर सुती रुमाल टाकला आणि इस्त्री फिरवली.

खोटं कशाला बोलू, मला फार भारी वाटलं. बाई चकाचक झाली होती. कडक, सपाट, जणू आत्ताच बँकेतून निघाली. मला वाटलं, फुवा पाहतील आणि म्हणतील, प्लॅस्टिकमध्ये घातल्यावर किती उठून दिसते. खिशात सरकवली, चिठ्ठी लावली: "पेरू. संग्रहातील पहिली नोट."

फक्त एक केलं नाही. तिला कानाला लावून पाहिलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी फुवा नव्या सफारीत, आत्याने केस चप्प बसवून दिलेले. मी त्यांच्या बाजूला, मदतनीस म्हणून, पांढरा शर्ट घालून. लोक येत होते, ब्राझीलच्या शिक्क्याची गोष्ट ऐकून हसत होते. फुवा खुशीत. मग इंदूरचे एक संग्रहवाले आले, जाड चष्मा, गळ्यात भिंग. बोलायला अगदी गोड. पेरूवर थांबले.

"दादा, ये तो बहुत बढ़िया हालत में है."

"रद्दी में मिली थी साहब," फुवा म्हणाले. "लेकिन कागज असली है. आपको सुनाता हूँ." आणि त्यांनी नोट प्लॅस्टिकमधून काढली. कानाशी नेली. हलवली.

मी शेजारीच होतो. मलाही ऐकू आलं. पापड. भाजलेला उडदाचा पापड कोणी मोडावा तसा कडकड आवाज.

फुवांनी परत हलवली. दुसऱ्या कानाला लावली. त्यांच्या तोंडावरचं हसू तिथेच होतं, पण त्याच्या मागे कोणी नव्हतं. इंदूरवाल्यांना वाटलं ही काही गंमत आहे. ते म्हणाले, "हम तो दादा ऐसे देखते हैं," आणि त्यांनी खिशातून जांभळ्या उजेडाची छोटी टॉर्च काढली. त्या उजेडात जुना कागद काळपट राहतो. नव्या कागदात पांढरेपणासाठी जे मिसळतात ते चमकतं. त्यावरून नकली नोट पकडतात.

बाई ढालीसकट निळी पेटली.

"ओहो," इंदूरवाले हळूच म्हणाले. "ये तो जल रही है दादा. कागज नया है. कॉपी होगी. बुरा मत मानना, हम सबके साथ होता है."

टॉर्च वळवताना तिचा उजेड माझ्या शर्टाच्या बाहीवर पडला. बाही तशीच चमकली. अगदी तशीच निळी. माझी बाही आणि पेरूची बाई एकाच पावडरने धुतलेल्या होत्या, आणि पांढरेपणाचं ते चमकणारं कपड्याच्या पावडरमध्येही असतं.

तिथेच बोलायचं होतं. एक वाक्य होतं, "फुवा, मी धुतली." तीन शब्द. मी हेडसरांच्या आवाजात शाळा सोडू शकतो, पण माझ्या स्वतःच्या आवाजात ते तीन शब्द निघेनात. मला वाटलं, इतक्या लोकांसमोर नको. संध्याकाळी सांगू. संध्याकाळी वाटलं, आज त्यांचा मूड नाही, उद्या सांगू.

फुवांनी नोटेचा नंबर पाहिला. तो त्यांना पाठ होता. नंबर तोच होता, म्हणजे नोट बदललेली नाही. मग त्यांच्या हिशोबाने एकच गोष्ट उरली. परतताना पुलावर, माझ्या स्कूटीच्या मागे बसून ते म्हणाले, "नोट आधीपासून खोटी होती रे. मलाच केळीचं पान ऐकू यायचं. इतकी वर्षं." आणि पूल संपताना, "मिलमध्ये किती रीळ पास केले असतील मी अशा कानाने."

मी गरज नसताना ब्रेक दाबला.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत, कारण त्यात काही झालंच नाही. अल्बम कपाटावर गेला. आत्या म्हणाली, पोस्टाने एक पाकीट आलंय, उघडलंसुद्धा नाही. एकदा मी त्यांना बाजारात घेऊन गेलो. नारळ घ्यायचे होते. फुवांनी एक उचलला, सवयीने कानापर्यंत नेला आणि अर्ध्यातून हात खाली केला. नारळ दुकानदाराला परत दिला. "तूच बघून दे बाबा. मला काय कळतंय." दुकानदाराला वाटलं, काकाजी मजाक करतायत. तो हसला. मी पण हसलो, त्याच्यासोबत. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग मी माझ्या पद्धतीने दुरुस्ती करायला गेलो. मित्राच्या मोबाईलवरून फुवांना फोन लावला आणि इंदूरवाल्यांचा आवाज काढला. तोच गोडवा, तोच जाड चष्मा आवाजात. "दादा, माफी चाहता हूँ, उस दिन मेरी टॉर्च खराब थी. घर आकर देखा तो हर चीज चमका रही है. आपकी नोट असली है."

पलीकडून फुवा म्हणाले, "आपने मन रखने के लिए फोन किया, बहुत अच्छा लगा साहब. लेकिन टॉर्च का क्या है. आवाज भी तो बदला हुआ था. वो तो मैंने खुद सुना." आणि वर मला, म्हणजे इंदूरवाल्यांना, आशीर्वाद दिला.

नक्कल इतकी चांगली झाली होती आणि मला तोंड धुवावंसं वाटत होतं.

शेवटी आत्यानेच बोलावलं. वांग्याचं भरीत केलं होतं, पुऱ्या, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात. जेवणं झाली. फुवा खुर्चीत, मी खाली चटईवर, आत्या पानं उचलत होती. माझ्याकडे वाकून ती पुटपुटली, "हसवून टाक रे त्यांना जरा. घरात नुसतं बसून असतात. ती तुझी नोटेची नक्कल कर."

"आत्या, नको."

"नको काय? गावभर करतो, फुकट. आणि घरात भाव खातो?"

फुवाही म्हणाले, "कर रे भाचेराव. बघू तरी मी किती येडा दिसायचो."

मग करावीच लागली. लाईट बिल घेतलं. बोट वर केलं. "धुवायची नाय" म्हणताना माझा आवाज फाटला, आत्याला वाटलं तीही ॲक्टिंगच. ती हसली. फुवा थोडं हसले. मी ब्राझीलचा आवाज काढला, बोलिव्हियाचा काढला आणि मग सवयीने पेरूवर आलो. मी काही ठरवलं नव्हतं. जीभ आपोआप दातांमागे गेली, ओठ जवळ आले, हवा सुटली. केळीचं वाळलेलं पान, खालून उंदीर.

फुवांचं हसू थांबलं.

"परत कर."

"काय?"

"शेवटचा. परत कर."

मी केला. त्यांनी डोळे मिटले होते. "हीच," ते म्हणाले. मग डोळे उघडले. "हा आवाज तू कुठून शिकला?"

"तुमच्याकडून. नोटेवरून. तुम्हीच तर..."

"नोटेवरून. तुझ्या कानाने. म्हणजे तुला पण हाच ऐकू यायचा." ते उठले. कपाटावरून अल्बम काढला, बाईला बाहेर घेतलं, माझ्या नाकासमोर हलवली. पापड. "आणि आता हा. माझा कान गेला असेल, मानलं. पण तुझा जुना आवाज पण खोटा कसा असेल? नोट असं बोलायची. आता तसं बोलत नाय. मधे काय झालं?"

मी चटईच्या काड्या मोजत होतो.

आत्याने ओले हात पदराला पुसले आणि नोट त्यांच्या हातातून घेतली. अंगठा जिभेला लावला, नोटेच्या कोपऱ्यावर घासला, दोन बोटांमध्ये चिकट चिकट करून पाहिलं. माझी आत्या म्हणजे पप्पांची सख्खी बहीण. कांजीच्याच घरातली.

"अगंबाई," ती म्हणाली. "ही तर वहिनीच्या हातची कांजी."

त्यानंतर मी सांगितलं. म्हणजे सांगायला उरलंच काय होतं. जलेबी, अंगठा, पावडर, ब्रश, इस्त्री. फुवा उभ्या उभ्या ऐकत होते. मग खुर्चीत बसले आणि सुरू झाले. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"डाग पडला, पडू दे. लहानपणी तू माझ्या पँटवर काय काय केलंय, तेव्हा मी काय बोललो? धुतली, तेही जाऊ दे. हात घाबरले असतील. पण प्रदर्शनात मी दोन्ही कानांना नोट लावत होतो आणि तू बाजूला उभा होता. होता की नाय?"

"होतो."

"पुलावर मी काय बोललो ते ऐकलं की नाय? कान तर चांगला आहे तुझा."

"ऐकलं."

"इंदूरवाल्याचा फोन पण तूच केला. गप्प बस, तुझा आवाज ओळखायला कान लागत नाय. मला वाटलं, पोरगं बघा कसं आहे, माझं मन राखतंय. मी आत्याला सांगितलं, पोरगं सोन्यासारखं आहे. ते मन राखणं नव्हतं रे. स्वतःची कातडी राखणं होतं."

आत्या म्हणाली, "अहो, बास आता."

"का बास? रोज येऊन बसायचा इथे. चहा प्यायचा. मी नारळ परत दिला तेव्हा हसला पण. नोट काय, रद्दीतली होती, रद्दीत जाईल. पण तू मला माझ्यावरच शंका घ्यायला लावली आणि समोर बसून बघत राहिला." त्यांनी पेरूची बाई माझ्या हातात ठेवली. "सगळ्यांच्या नकला करतो ना? हेडसरांची, इंदूरवाल्याची, माझी. मग नारळाच्या दुकानासमोर उभा राहिलेला फुवा पण कर. कर ना. हे घे. असा कानापर्यंत हात नेला आणि खाली घेतला. ऊठ. करून दाखव."

मी उठलो. नोट हातात होती. हात वर नेला, पण कानापर्यंत जाईना.

"नाय जमत ना?" फुवा म्हणाले. "मग बस खाली."

मी बसायला लागलो तशी आत्या कडाडली, कारण तिच्यात इतका वेळ सगळं साठून राहिलं होतं. "बस काय? उभाच राहा! आणि काय रे, ज्या पोराला साधी कांजी गाळून लावता येत नाही, गुठळ्या आहेत बघ कोपऱ्यात, त्याने माझ्या नवऱ्याच्या नोटेला हात लावायचाच कशाला? थांब, वहिनीला फोन लावते. आणि खबरदार, मधेच माझ्या आवाजात तूच बोलला तर!"